उभ्या गाडीचे ब्रेक

चष्म्याच्या काचेवर त्याने ‘हा’ करून वाफ सोडली, तर काच कोरडीच राहिली. त्याला वाटलं, काच तापलेली असेल. दुसरी काच तोंडाशी धरली. कडेला नखाएवढा धुरकट डाग उमटला आणि रुमाल लावायच्या आत विरूनही गेला. मग मात्र तो पलंगाच्या कडेवर नीट बसला, पाय जमिनीला टेकवले आणि एखाद्या कामाला लागावं तसा छाती भरून घ्यायला लागला. छाती मध्येच अडली. जिना उतरताना अजून एक पायरी आहे अशा समजुतीने पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागून अख्खं अंग हादरावं, तसं झालं. एवढाच श्वास होता. ह्याच्यापुढे नव्हता. रोज सकाळी उठून सगळ्यात आधी ज्या वाफेने काचा पुसायच्या ती वाफ गेली कुठे, म्हणून तो हातातल्या चष्म्याकडेच बघत राहिला, जणू दोष चष्म्याचा होता. तेवढ्यात खोकला आला. कोरडा, हट्टी, गेले काही दिवस ओळखीचा झालेला. त्याने उशी ओढून तोंडावर दाबली आणि उशीत खोकून घेतलं. स्वयंपाकघरात बायकोने रेडिओ ठणाणा लावला होता. हल्ली सकाळी उठल्यापासून ती तो मोठ्यानेच लावायची. कुणीतरी गाद्यांची जाहिरात करत होतं, मग हवामान, मग पुन्हा गाद्या. बरं झालं, त्याला वाटलं. देव तिच्या कानांचं भलं करो.

“अहो, झालं का? टॅक्सी येईल ना!” ती आतून ओरडली. “आलो,” तो म्हणाला. एक शब्द नीट निघत होता. दोनही निघत होते. तिसऱ्या शब्दाच्या आधी मात्र जरा हवा घ्यावी लागत होती, म्हणून त्याने हळूहळू तिसरे शब्द वापरणंच सोडलं होतं. बायको शेजारणीला कौतुकाने सांगायची, “आजारपणाने माणूस शहाणा झाला हो, मोजकंच बोलतात हल्ली.” दाराजवळ बॅग भरून तयार होती. टॉवेल, सपाता, फायलींची पिशवी. सकाळपासून पोटात काही नव्हतं, कारण उपाशीपोटीच या म्हणून हॉस्पिटलने बजावलं होतं. आज दुपारी त्याच्या मांडीतल्या धमनीतून एक बारीक नळी घालून ती थेट लिव्हरपर्यंत नेणार होते आणि तिथे बसलेल्या गाठीचं रक्तच बंद करणार होते. रसद तोडायची, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्याने नळाखाली चष्मा धुतला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. आरशात बऱ्यापैकी ठणठणीत दिसणारा एक माणूस उभा होता. त्याची त्याला चीड आली.

लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बाटली येते, त्याला इलाज नाही. ह्या माणसाने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. बस डेपोत ब्रेक तपासणाऱ्याने घ्यायचीही नसते. लहानपणी कधीतरी काविळीचा एक विषाणू अंगात शिरला होता आणि वर्षानुवर्षं गुपचूप पोटभाडेकरूसारखा राहत होता, त्याने हे केलं होतं. पण ते कुणाकुणाला समजावत बसायचं? डेपोतल्या वंगणवाल्याने तर तोंडावर सांगितलं होतं, “मास्तर, लिव्हर घालवायचंच होतं तर पिऊन तरी घालवायचं होतंत. आम्हाला सोबत झाली असती.” सगळे हसले होते आणि तोही हसला होता, आणि मग वंगणवाला एकदम कोपऱ्यात जाऊन डोळे पुसत बसला होता. डेपोत त्याला मास्तर म्हणायचे, ब्रेकमास्तर. त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

गाठी कापून काढता येण्याजोग्या नव्हत्या. म्हणून आधी दोन औषधं जोडीने सुरू झाली, दोन्ही सलाइनमधून. एक औषध गाठीने स्वतःसाठी उगवलेल्या बारीक बारीक रक्तवाहिन्या सुकवायचं. दुसऱ्या औषधाचं नाव इम्युनोथेरपी. ते नेमकं काय करतं, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि ते त्याच्या डोक्यात असं काही रुतलं की आज टॅक्सीची वाट बघतानाही तेच चालू होतं. “आपल्या रक्तात शिपाई असतात,” बाई म्हणाल्या होत्या, “पेशी असतात त्या. नको ते दिसलं की मारायचं, हे त्यांचं काम. गाठ काय करते, त्यांच्या ब्रेकवर पाय ठेवून बसते. शिपाई जागचे हलत नाहीत. हे औषध तो पाय काढतं.” तो खुर्चीत पुढे सरकला होता. “म्हणजे तुम्ही ब्रेक काढून टाकता?” “तसंच समजा.” “आणि मग थांबवायचं कुणी?” तेव्हा बाईंनी पहिल्यांदा संगणकावरून मान वर करून त्याच्याकडे बघितलं होतं. “तुम्ही,” त्या म्हणाल्या. “ते शिपाई कधी कधी घरच्यांवरच उठतात. कातडीवर, आतड्यांवर, फुप्फुसांवर. वेळेवर कळलं तर आवरता येतात. उशिरा कळलं तर आम्ही हात चोळत बसतो. म्हणून काहीही वाटलं, नुसता खोकला आला तरी, सांगायचं. लपवायचं नाही.” ह्यावर बायको खळखळून हसली होती. “हे आणि लपवतील? अहो बाई, ह्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची लपवाछपवी पकडण्यात गेलं.”

आणि ते खरंच होतं. डेपोच्या फाटकाबाहेर एक उतार होता, त्या उताराचा तो राजा होता. ड्रायव्हर पोरं चेष्टेने म्हणायची, मास्तरला मेल्यावर उतारावरच ठेवा, सरळ खाली जाईल. गाडी जागेवर उभी असताना तिचे ब्रेक नेहमीच उत्तम असतात. पेडल दाबा, घट्ट लागेल. कान लावा, काही ऐकू येणार नाही. उभ्या गाडीला कुणी काही विचारलेलंच नसतं, तर ती खोटं तरी का बोलेल? गाडी उतारावर घालायची, वेग धरू द्यायचा आणि मग दाबायचं. तेव्हा जे बाहेर येतं ते खरं. चाकातून बारीक चिरकल्यासारखा आवाज आला, की तो पळत पळत गाडीच्या बाजूने जायचा आणि पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायचा. धप, धप. दोन थापा पडल्या की ती गाडी जागची हलत नसे. का, कशासाठी, असं कुणी विचारायचं नाही. डेपोचा मोठा साहेब आत बसलेला असला तरी त्याने मुकाट उतरायचं. ही थाप त्याच्या हाताला इतकी लागली होती की घरात भांडण हाताबाहेर गेलं की तो जेवणाच्या टेबलावरही दोन थापा मारायचा. बायको अशी भडकायची! “मी काय तुमच्या डेपोतली बस आहे?” म्हणायची. पण गप्प व्हायची. मग दोघंही गप्प बसून जेवायची, आणि ताटं उचलताना तिला हसू फुटायचं.

ड्रायव्हरांना त्या थापांची धडकी होती. गाडी अडली की ड्रायव्हर दिवसभर बाकावर, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुणालाच नको असलेली खटारा गाडी. हातची चांगली वाट, म्हणजे नेमून दिलेला मार्ग, गेली की परत मिळेल ह्याची शाश्वती नाही. म्हणून मग आवाज आला तरी पोरं बोलत नसत. आज नको, उद्या बघू. ही खेप होऊन जाऊ दे. कुणी कॅबिनमधला रेडिओ मोठा करायचं. कुणी उतारावर आधीपासूनच पेडलवर अलगद पाय ठेवून गाडीला वेगच येऊ द्यायचं नाही. त्यांच्या ह्या सगळ्या खोड्या त्याला पाठ होत्या. रेडिओ मोठा ऐकू आला की तो आधी रेडिओ बंद करायला लावायचा आणि मग चाकाशी कान न्यायचा.

एक भोंग्या होता. कारण नसताना हॉर्न वाजवायचा म्हणून भोंग्या. बऱ्याच खटपटीनंतर त्याला त्याच्या घरावरून जाणारी वाट मिळाली होती, आणि रोज त्या वळणावर तो हॉर्न दाबायचा आणि वरच्या खिडकीत त्याची म्हातारी आई पडदा बाजूला करायची. पलंगाला खिळलेली बाई, तेवढंच तिचं बाहेरचं जग. गाडीचा ब्रेक चिरकत होता, हे भोंग्याला माहीत होतं. बोलला नाही. मग एका सकाळी गाडी उतरणीवरून घसरत जाऊन एका बंद दुकानाच्या भिंतीत घुसली. उतारू नुसते खरचटले, पण भोंग्याचा पाय गुडघ्याखालून गेला. हा त्याला भेटायला हॉस्पिटलात गेला तो कळवळ्याने कमी आणि संतापाने जास्त. “तोंडाला कुलूप होतं का रे तुझ्या?” खाटेशी उभा राहून विचारलं होतं त्याने. “एक शब्द सांगायला काय झालं होतं?” भोंग्या छताकडे बघत पडला होता. “मास्तर,” तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही गाडी थांबवली असती.” “थांबवलीच असती!” “तेच,” भोंग्या म्हणाला. हा चरफडत घरी आला होता. असलं कसलं हे उत्तर? कितीतरी दिवस तो ते डेपोत सगळ्यांना सांगायचा, मूर्खपणाचा नमुना म्हणून.

“काय हो, बसलात काय? टॅक्सी आली!” बायको बॅग उचलून दारात उभी होती. रेडिओ बंद केल्यावर घर एकदम मोठं आणि उघडं वाटायला लागलं. खोकला घशाशी आला होता. त्याने तो गिळला. डोळ्यांत पाणी आलं. “पुढे हो,” तो म्हणाला, “कुलूप लावतो.” ही त्याची नवी युक्ती होती. कुलूप लावायला तो वेळ घ्यायचा, ओढून बघायचा, पुन्हा ओढून बघायचा, आणि बायको जिना उतरून गेली की कठड्याला धरून उतरायचा. उतरणं सोपं होतं. चढणं कठीण. चढताना तो मजल्यामजल्यावर सोसायटीच्या सूचना वाचत उभा राहायचा. पाण्याची टाकी धुणार आहेत. जिन्यात चपला ठेवू नयेत. त्या सूचना त्याला तोंडपाठ झाल्या होत्या. काल बुटाची नाडी बांधायला वाकला तर वर येताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. बायको म्हणाली, म्हातारे झालात. तो म्हणाला, झालो.

टॅक्सीच्या खिडकीतून दुकानं मागे पळत होती. केस कापण्याचं दुकान, चाव्या बनवणारा, सायकली दुरुस्त करणारा, आणि सगळे आपापल्या कामात. कुणालाही काही लपवायचं नाही अशी ती सगळी माणसं दिसत होती. तो सांगू शकत होता. आत्ता, ह्या टॅक्सीत, बायको शेजारी बसलेली असताना. पण त्याच्या डोळ्यांपुढे मागची खेप होती. सुरुवातीला एकदा त्याच्या अंगावर पुरळ उठलं होतं, पाठीपासून पोटापर्यंत लालभडक, रात्ररात्र खाज. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. बाईंनी तिथल्या तिथे सलाइन थांबवलं आणि शिपायांना शांत करणाऱ्या गोळ्या दिल्या. पुरळ गेलं. पण औषध बंद होतं, तो मधला काळ! त्याला आत गाठ वाढताना जाणवायची. खरं तर काहीच जाणवत नसणार, पण उजव्या बरगडीखाली हात ठेवून तो तासन् तास पडून राहायचा आणि हाताला ती लागतेय असं वाटायचं. बायकोने जेवण टाकलं होतं. त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि स्वतः फडक्याने कोरडाच ओटा पुसत राहायची. पुन्हा औषध सुरू झालं तेव्हा ती सिस्टरच्या गळ्यात पडून रडली होती. आणि मागच्या स्कॅनमध्ये गाठी आक्रसलेल्या दिसल्या तेव्हा तिने घरी येऊन सगळ्या घराचे पडदे धुतले. धुण्यासारखे नव्हतेच ते. “आत्ता रक्त बंद केलं तर जोडीने जास्त फायदा व्हायची शक्यता आहे,” बाई म्हणाल्या होत्या. “ह्या सगळ्या उपायांची सांगड घालणं अजून आम्हीही शिकतोय. पण तुमच्या बाबतीत वेळ चांगली आहे. हातची जाऊ द्यायला नको.” हातची जाऊ द्यायला नको. भोंग्याचं नशीब तरी काय वेगळं होतं?

शिवाय टोपीवाले होते. सलाइनच्या हॉलमध्ये खुर्च्यांची रांग होती आणि जो तो आपल्या खुर्चीत नळी लावून बसायचा. शेजारच्या खुर्चीत कायम लोकरीची टोपी घालून एक गृहस्थ असत, निवृत्त भूगोलाचे शिक्षक. त्यांनी त्या पुरळानंतर ह्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. “तुम्हाला काही पोच आहे का? खाज सुटली म्हणून सांगायचं असतं होय? सिस्टर विचारते, काही त्रास? आपण म्हणायचं, छे, मस्त. कुरकुर केली की नळी काढतात. इथे सगळे तेच करतात.” आणि खरंच, रांगेतल्या सगळ्यांनी मुंड्या हलवल्या होत्या. त्याला तेव्हा डेपोतलं बाकडंच आठवलं. काही दिवसांनी टोपीवाले यायचे बंद झाले. त्यांच्या खुर्चीवर एक तरुण बाई बसायला लागली. टोपीवाल्यांनी शेवटी तोंड उघडलं म्हणून त्यांचं औषध बंद झालं, की उघडलं नाही म्हणून काही भलतं झालं, हे कुणाला माहीत नव्हतं. सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, “तुमचा हात सरळ ठेवा पाहू.” हे एवढं कळतं तरी त्याला बरं वाटलं असतं. बोललं तरी दार बंद आणि नाही बोललं तरी बंद, मग माणसाने उभं तरी कुठे राहायचं?

“कसला विचार करताय?” बायकोने विचारलं. “कसला नाही.” “घाबरलात?” “छे.” तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिचा हात गार होता. तीही सकाळपासून उपाशी होती हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. हॉस्पिटलने फक्त त्याला उपाशी राहायला सांगितलं होतं. “खाल्लं नाहीस?” “भूक नाही,” ती म्हणाली, आणि मग टॅक्सीवाल्याला एकाएकी म्हणाली, “दादा, जरा गाणी लावा की.”

हॉस्पिटलमध्ये त्याला मागे नाड्या असलेला झगा घालायला दिला आणि खाटेवर निजवलं. आता सगळं सोपं होतं, कारण आता कुणी त्याला चालायला सांगत नव्हतं. सिस्टरने बोटाला चिमटा लावला, यंत्रावर आकडा बघितला आणि काही न बोलता लिहून घेतला. चालण्यासारखा असावा. उभी गाडी, त्याच्या मनात आलं. “ताप?” “नाही.” “खोकला?” “नाही.” “धाप वगैरे लागते?” “छे, मस्त.” त्याच्या तोंडून टोपीवाल्यांचेच शब्द निघाले, त्यांच्याच सुरात. सिस्टर हसली. “असे पेशंट असले की आम्हालाही बरं वाटतं.” मग एक तरुण डॉक्टर आला. त्याने पाठीला स्टेथोस्कोप टेकवला. “मोठा श्वास घ्या.” ह्याने खांदे वर उचलले, तोंड चांगलं उघडलं, ओठांतून मोठा आवाज केला आणि आत अगदी चमचाभर हवा घेतली. जिथे चिरकतं तिथवर जाऊच दिलं नाही. “सोडा. अजून एकदा.” पुन्हा खांदे, पुन्हा चमचाभर. उतारावर आधीपासून पेडलवर अलगद पाय ठेवणारी सगळी पोरं त्या खाटेभोवती उभी राहून बघताहेत असं त्याला वाटलं. त्यांतल्या प्रत्येकाला त्याने पकडलं होतं. मग ह्या डॉक्टरला कसं कळत नाही? पकड ना लेका! तो मनातल्या मनात ओरडला. कान जवळ आण, मला उठव, जिना चढायला लाव, उतारावर घाल! त्याला त्या पोराचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी, पकडलं नाही म्हणून आतून सुटल्यासारखंही झालं. “छान,” डॉक्टर म्हणाला आणि स्टेथोस्कोप गळ्यात टाकून पुढच्या खाटेकडे गेला.

बायको खुर्चीत बसून त्याच्या शर्टाची घडी घालत होती. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होती. छताला एक पंखा होता, तो फिरत नव्हता. भिंती फिक्या निळ्या होत्या आणि खिडकीपलीकडे दुसऱ्या इमारतीची भिंतच होती, तीही तसलीच. त्याने डोळे मिटले आणि छातीतल्या आवाजाकडे कान लावला. निजल्यावर तो जास्त यायचा. श्वासाच्या अगदी टोकाला, सेलोफेनचा कागद कुणीतरी हळूच चुरगाळावा तसा. लागलेत कामाला, त्याला वाटलं. घरच्यांवरच उठलेत. ह्या क्षणी आत गाठही मरते आहे आणि तोही मरतो आहे, आणि शिपायांना दोन्हीतला फरक कळत नाही. त्यांना थांबवणारा एकच माणूस आहे आणि तो इथे मूग गिळून पडला आहे. त्याला भीती वाटली. अगदी साधी, लहान पोराला वाटते तशी भीती. आईला हाक मारावी अशी. बायकोला सांगितलं तर काय होईल ते त्याला दिसत होतं: शर्ट तिच्या हातातून खाली पडेल, आजचं सगळं रद्द होईल, पुन्हा त्या गोळ्या, पुन्हा तो ओटा आणि ते फडकं. आणि ह्या वेळी औषध पुन्हा सुरू होईलच असं नाही. फुप्फुसांची गोष्ट आली की बहुतेक नाहीच होत, हेही त्याने खुर्च्यांच्या रांगेत ऐकलं होतं. हे एकदा होऊन जाऊ दे. गाठीची रसद तुटू दे. मग सांगू. उद्या सांगू. आणि ‘उद्या’ हा शब्द मनात उमटला मात्र, त्याला स्वतःची किळस आली.

“चला काका, आपला नंबर.” वॉर्डातले मामा चाकांचं स्ट्रेचर घेऊन आले. धिप्पाड, गुणगुणणारा माणूस. ह्याला खाटेवरून स्ट्रेचरवर सरकवताना स्ट्रेचर मागच्या मागे हललं, तसा तो सवयीने म्हणाला, “डावं चाक. ब्रेक सैल.” “चालतंय काका,” मामा म्हणाले, “कुठे घाट उतरायचाय आपल्याला?” सरकताना त्याला धाप लागली. ती त्याने दात दाबून नाकातून सोडली. बायको पिशवी आणि शर्ट घेऊन उठली आणि स्ट्रेचरच्या कडेचा दांडा धरून बरोबर चालायला लागली. छतावरचे दिवे एकामागून एक त्याच्या अंगावरून जाऊ लागले. असं पाठीवर पडून त्याने कधी प्रवास केला नव्हता. पुढे काय आहे ते दिसत नव्हतं, फक्त मागे पडत होतं ते दिसत होतं. मामा गुणगुणत होते. कुठेतरी एक दार आपोआप उघडलं आणि गार हवा आली. आत हिरव्या कपड्यांतली माणसं असणार, सगळी तयारी झालेली असणार, नळी बाहेर काढून ठेवलेली असणार. आता आवाज नुसता छातीत राहिला नव्हता. त्याच्या कानांत, कवटीत, स्ट्रेचरच्या चाकांत, सगळीकडे तोच होता. त्याने तोंड उघडलं. शब्द आला नाही. हवाच नव्हती शब्दापुरती. आणि मग त्याचा हात चादरीखालून बाहेर आला आणि स्ट्रेचरच्या लोखंडी कडेवर आपटला. धप, धप.

“काय हवंय काका?” मामा म्हणाले आणि ढकलतच राहिले. इथे कुणाला काय माहीत? साऱ्या जगात एकाच डेपोत ह्या थापेला अर्थ होता. त्याने मान वळवून बायकोकडे बघितलं. ती समोर बघत चालत होती. दांडा धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. तिने ऐकलं होतं. आयुष्यभर टेबलावर ऐकलेली थाप, ती न ऐकायचं कारणच नव्हतं. पण ती चालत होती, सरळ, मान ताठ, जणू ऐकलंच नाही तर झालंच नाही. उघड्या दाराची चौकट जवळ येत होती. त्याने पुन्हा हात उचलला. ह्या वेळी हाताला जोर नव्हता. तळवा नुसता टेकला, एकदा, आणि मग अजून एकदा.

“थांबा,” ती म्हणाली.

“मावशी, आत सगळे वाट बघतायत.”

“थांबा म्हटलं ना!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की गुणगुणणं बंद झालं. मामांनी पायाने चाकाचा ब्रेक दाबला. तो लागला नाही. स्ट्रेचर हळूहळू दाराकडे सरकायला लागलं, तशी तिने पिशवी, शर्ट, सगळं खाली टाकलं आणि पुढे जाऊन दोन्ही हातांनी, छातीचा भार देऊन ते धरलं. घडी घातलेला शर्ट फरशीवर उलगडून पडला. ती त्याच्या पायांकडून त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा इतका थकलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

“सांगा,” ती म्हणाली.

“आवाज येतोय,” तो म्हणाला. त्याने हवा घेतली. “छातीत. जिना चढताना. आणि निजल्यावर.” पुन्हा हवा घेतली. “बरेच दिवस.”

तिने मान हलवली. दांडा सोडला नाही.

“रेडिओ लावला तरी येतो,” ती म्हणाली.